प्रॅक्टिकलच्या दिवसांतली मंजुळा

फेब्रुवारी लागला की माझ्या दुकानात पांढऱ्या कोटातल्या मुली येऊ लागतात. पंचवटीतल्या एका गल्लीच्या तोंडाशी माझं छोटंसं मेडिकल आहे आणि पुढच्या चौकात ज्युनिअर कॉलेज. परवा एक मुलगी आली. उजव्या हाताची दोन बोटं तिने काउंटरवर ठेवली. त्यांवर हळदीसारखे पिवळे डाग होते. कुठलं मलम लावलं तर जातील, असं ती विचारत होती. मी म्हटलं, नायट्रिक अॅसिड सांडलं ना? ते मलमाने जात नाही, कातडी झडेल तेव्हा जाईल. ती हिरमुसली. तिला बहुधा कुठल्या तरी लग्नाला जायचं होतं. मग तिने विचारलं, मॅडम, तुम्हाला कसं कळलं? मी नुसती हसले. ती गेली, पण तिच्या कोटाला चिकटून आलेला तो वास दुकानात थोडा वेळ रेंगाळला. स्पिरिट, गंधक, ओलं लाकूड आणि जळक्या काडीचा. औषधांच्या एवढ्या वासांत राहूनही तो मला ओळखू आला.

तेवढ्याने माझी दुपार गेली. गिऱ्हाईक येत होतं, मी गोळ्या कापून देत होते आणि मन वीस वर्षं मागे, एका लांबट खोलीत, पांढऱ्या टाइल्सच्या ओट्यापाशी जाऊन उभं राहिलं होतं. शेजारी मंजुळा होती.

मंजुळा गावित सुरगाण्याची. मी सायखेड्याची, वैशाली गायकवाड. हजेरीच्या यादीत गायकवाडनंतर गावित येतं, एवढ्या एका कारणाने अकरावीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला आम्ही दोघी एका ओट्यावर आलो आणि दोन वर्षं तिथेच राहिलो. मी रोज सकाळच्या एसटीने यायचे. ती आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहायची. दहावीपर्यंत ती आश्रमशाळेत मराठीतून शिकलेली, आणि इथे सगळं इंग्रजीतून. पहिल्या दिवशी तिने वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले. एका बाजूला गंधक, दुसऱ्या बाजूला सल्फर. एका बाजूला पारा, दुसऱ्या बाजूला मर्क्युरी. ते पान भरत गेलं तशी ती वर्गात पुढच्या बाकावर सरकत गेली.

मला रसायनशास्त्र पाठ होतं, तिला ते दिसायचं. याहून नीट मला सांगता येत नाही. आम्हाला क्षार ओळखायला देत. कागदाच्या पुडीत चिमूटभर पूड, आणि तिच्यात काय आहे ते एकेक परीक्षा करत शोधायचं. मी पुस्तकातला तक्ता बोटाने वाचत एकेक पायरी उतरायचे. मंजुळा आधी पुडी उघडून नुसती बघत बसायची. उजेडाकडे धरायची, कागद हलवून पूड कशी सरकते ते बघायची. मग म्हणायची, "हा ओलसर हाय. याला हवा लागली का पाणी धरतो." आणि बहुतेक वेळा तिचा अंदाज शेवटी खरा निघायचा. तरी ती सगळ्या परीक्षा करायचीच, एकही गाळायची नाही. मला वाटायचं, उत्तर कळलंय तर कशाला? तिला उत्तरापेक्षा ते बघण्यातच गोडी होती, हे मला फार उशिरा समजलं.

आमचे भामरे सर सटाण्याकडचे. बोलायचे अगदी शुद्ध, पुस्तकी मराठीत. पण एखाद्याचं उत्तर मनापासून आवडलं की त्यांची अहिराणी बाहेर पडायची. "पक्कं शे," म्हणजे पक्कं आहे, असं म्हणून ते पुढच्या ओट्याकडे जायचे. वर्षभरात हे दोन शब्द कोणाला किती वेळा मिळाले, ते आम्ही मुली मनात धरून असायचो. मंजुळाला ते सगळ्यांत जास्त मिळाले. मला एकदाही नाही.

बारावीची संक्रांत झाली आणि मंजुळा यायची बंद झाली. वसतिगृहात तिने सांगितलं होतं, घरी आजारपण आहे. वर्ग संपतच आले होते. उरले होते ते जर्नल पुरं करायचे दिवस. प्रयोगांची ती वही सरांच्या सहीची नसेल, तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही. मंजुळाचे सहा प्रयोग राहिले होते. तिची वही माझ्याकडे होती. माझे निष्कर्ष बघून मीच ते सहा प्रयोग तिच्या वहीत उतरवून काढले आणि सरांपुढे ठेवले. सरांनी दोन पानं उलटली आणि वही मिटली. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी सही प्रयोगावर करतो, अक्षरावर नाही. ती कुठे आहे?"

मला माहीत नव्हतं. चार दिवसांनी कळलं, आणि ते कळलं आमच्याच शिवारात.

आमच्याकडे त्या दिवसांत द्राक्षाच्या बागांमधून घडांना कागद लावायचं काम चालतं. उन्हाने मणी तांबूस होऊ नयेत म्हणून एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. त्या कामाला सुरगाणा-पेठेकडून माणसं येतात, बागेतच राहुट्या करून राहतात. मी सकाळी एसटीच्या थांब्याकडे जात होते. वाटेत माझ्या चुलत्यांची, शांताराम काकांची बाग लागते. वेलींच्या ओळीत एक मुलगी वर हात करून उभी होती. घडाला लावायचा कागद तिने लावलाच नव्हता. डोळ्यांपुढे धरून ती तो वाचत होती.

तिने मला पाहिलं आणि मान वेलीत घातली. मीही तशीच पुढे गेले. बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं की दोघींनाही लाज वाटली होती, आणि कशाची ते दोघींपैकी एकीलाही सांगता आलं नसतं. ज्यांच्या बागेत ती उभी होती ते माझे काका होते. दोन वर्षं एका डब्यात जेवलेली मैत्रीण, आणि तिची माणसं दर हिवाळ्याला आमच्या गावात येतात हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

सरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते त्यांच्या जुन्या स्कूटरवरून सायखेड्याला आले आणि मी त्यांना बागेत घेऊन गेले. मंजुळाची आई बांधावरून घसरून पडली होती, मनगट मोडलं होतं. घरात एक माणूस कमी झालं म्हणून तिच्या जागेवर मंजुळा उभी राहिली होती. तिचे वडील शांत गृहस्थ. सरांना त्यांनी बसायला पोतं टाकून दिलं, सगळं ऐकून घेतलं. पोरीने शिकू नये असं त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. पण टोळीने ओळी वाटून घेतल्या होत्या. एकाची ओळ राहिली की ती दुसऱ्यांवर पडते, आणि ते त्यांना बरं वाटत नव्हतं. सर म्हणाले, एक रविवार द्या, आणि परीक्षेचा एक दिवस. वडील जमिनीकडे बघत राहिले.

माझी आई तिथे कशी आली ते मला आठवत नाही. बहुतेक मी उशिरापर्यंत घरी आले नाही म्हणून बघायला आली असावी. तिने सगळं ऐकलं आणि पदर खोचावा तितक्या सहज म्हणाली, "दोन दिस मी उभी राहते तिच्या ओळीला. मला काय कागद लावता येत नाय का?"

काकांच्या बागेत, मजुरांच्या ओळीत, घरची सून. गावात याची चर्चा झाली, माझे वडील, दादा, दोन दिवस घुम्म होते. रविवारी भाकरी बांधून आई उजाडताच बागेत गेली, आणि आम्ही दोघी एसटीने नाशिकला.

त्या रविवाराची मला ओढ आहे. एवढं आयुष्य गेलं, लग्न झालं, दुकान उभं राहिलं, सुखाचे दिवसही पुष्कळ आले. पण परत जाऊन एकच दिवस जगायला मिळणार असेल, तर मी तो मागेन.

कॉलेज बंद. सरांनी स्वतः कुलूप काढलं. रिकाम्या प्रयोगशाळेत आमची पावलं वाजत होती. खिडक्या उघडल्या तसं ऊन ओट्यांवर आलं आणि बाटल्यांमधले रंग जागे झाले. मोरचुदाचा निळा, क्रोमेटचा पिवळा, परमँगनेटचा तो काळपट जांभळा. एरवी वीस मुलांच्या गर्दीत, बर्नरसाठी भांडताना, आम्ही ते कधी पाहिलेच नव्हते. सर म्हणाले, सहा प्रयोग, घाई नाही. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन उत्तरपत्रिका तपासत बसले.

मी मदतीला होते. परीक्षानळ्या धुवायच्या, पाणी भरायचं, वेळ बघायची. मंजुळाची बोटं कागदाच्या शाईने काळी झालेली होती. तिने ती दोनदा साबणाने धुतली, मग ब्युरेटच्या तोटीला हात लावला. परमँगनेटचा थेंब थेंब खाली सोडायचा आणि खालच्या द्रावणात कायमची फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं. माझा हात नेहमी एक थेंब पुढे जायचा, सगळं गडद होऊन बसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. मंजुळाने पहिल्याच वेळी नेमका तो थेंब धरला. चंचुपात्र पांढऱ्या कागदावर ठेवून आम्ही दोघी बघत राहिलो. गुलाबी राहिला. जायचं नाव घेईना.

"हा रंग आधी तिथं नव्हता ना गं," ती म्हणाली. एवढंच. पण ते तिने अशा आवाजात म्हटलं की सरांनी लेखणी खाली ठेवून वर पाहिलं.

दुपारी तिघं एकत्र जेवलो. तिच्याकडे नागलीची भाकरी आणि लसणीची चटणी, माझ्याकडे मेथी, सरांच्या डब्यात पोळी आणि गूळ. सरांनी तिला विचारलं, पुढे काय करायचं मनात आहे? ती म्हणाली, बीएस्सी, केमिस्ट्री. मग थोडं थांबून, जणू फार मोठं मागते आहे अशा संकोचाने म्हणाली, "आन् मग अशाच खोलीत नोकरी." सर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की मिळेल, का नाही मिळणार. मला सरांनी विचारलं नाही. माझं ठरलेलंच होतं, फार्मसी. त्याला मार्क लागणार होते, आणि ते मार्क मला प्रॅक्टिकलमध्ये मिळवायचे होते.

उन्हं उतरली तेव्हा सहावा प्रयोग संपला. सरांनी वहीवर सही केली, तारीख घातली आणि वही तिच्या हातात देताना म्हणाले, "पक्कं शे."

परीक्षेच्या दिवशीही आई बागेत गेली. आणि त्या दिवशी जे झालं ते मी पुढे कित्येक वर्षं कोणाला सांगितलं नाही.

बाहेरून आलेले परीक्षक कडक होते, पण वाईट नव्हते. चिठ्ठ्या उचलून आम्हाला क्षार मिळाले. शेजारच्या ओट्यावर मंजुळा, आमच्या मध्ये आम्लांच्या बाटल्यांचं फडताळ. घाबरलं की माझं सगळं पाठांतर पुसून जातं, तसं झालं. पहिल्याच परीक्षेला नळीत पांढरा साका आला. तो मी तापवला, तर दिसेनासा झाला. हातचं काहीतरी गेलं असं वाटून मी ती नळी स्टँडला लावली, कागदावर 'नाही' लिहिलं आणि पुढच्या परीक्षांकडे वळले. एकही लागेना. पुडीतली पूड संपत आली. घड्याळ माझ्यासमोरच होतं.

मंजुळा आम्लाची बाटली घ्यायला फडताळाशी आली. मी बाजूला टाकलेली नळी एव्हाना निवली होती, आणि पाणी निवता निवता तिच्यात बारीक, चकचकीत पांढऱ्या सुया तयार होऊन खाली उतरत होत्या. मी तिकडे पाहिलंच नव्हतं. तिने पाहिलं.

"शिसं," ती म्हणाली.

ते कुजबुजून म्हटलेलं नव्हतं. बाजारात ओळखीचं माणूस दिसावं आणि त्याचं नाव तोंडून जावं, तसं ते होतं. परीक्षक वळले. कोण बोललं, त्यांनी विचारलं. मंजुळा म्हणाली, मी, सर. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, तू विचारलंस तिला? मी नाही म्हटलं. ते खरं होतं.

"काय सांगितलं तिने?"

"ऐकू नाही आलं, सर."

हे खोटं होतं. तेव्हा वाटलं, याने दोघी सुटू. पण झालं असं, की विचारलं नसताना, कोणी ऐकलं नसताना, ही मुलगी दुसरीला उत्तर पुरवायला निघाली होती एवढंच त्यातून उरलं. तिच्या नळीकडे नजर गेली आणि तोंडून निघालं, माझ्यासाठी नाही, एवढं एक वाक्य मला म्हणता आलं असतं. भामरे सर पुढे होऊन हळू आवाजात काही बोलले. परीक्षकांनी नकारार्थी मान हलवली. सगळी मुलं बघत होती. त्यांनी मंजुळाचा कागद काढून घेतला. तिचा स्वतःचा क्षार अर्धाच झाला होता.

आणि मी? मी 'नाही' खोडलं आणि त्याच्यावर लेड लिहिलं. पुढच्या दोन परीक्षा बरोबर आल्या. मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

बाहेर नळावर ती हात धूत होती. मला बघून तिने विचारलं, लिहिलंस ना? मी मान हलवली. बरं झालं, ती म्हणाली. मग एसटीत आम्ही शेजारी शेजारी बसून आलो. चांदोरी गेलं, गोदावरीचा पूल गेला, दोघीही खिडकीबाहेर बघत होतो. बागेत आई ओळीच्या शेवटाला पोचली होती. हात कोपरापर्यंत शाईने काळे. तिने मला नाही, मंजुळाला विचारलं, "कसा गेला गं पोरी?"

"चांगला गेला, काकू," मंजुळा म्हणाली, आणि आईच्या हातातले उरलेले कागद घेऊन वेलीकडे वळली.

निकाल लागला. ती पास झाली, पण केमिस्ट्रीचे मार्क तिच्या मानाने कमीच. बीएस्सीच्या पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. सर दुसऱ्या कॉलेजात बोलणार होते, तसा त्यांनी निरोपही धाडला. तोवर सुरगाण्यात भाताची लावणी सुरू झाली होती, आणि मग लग्न ठरल्याचं कानावर आलं. नाव त्या प्रॅक्टिकलच्या मार्कांनी हुकलं का, की एरवीही हुकलंच असतं? मी ते कधी शोधून काढलं नाही. शोधायचं धाडस झालं नाही. मी फार्मसीला गेले. फेब्रुवारी आला की मात्र आत काहीतरी ओढलं जायचं, आणि ते कळ आहे की ओढ, हे मला वेगळं करता यायचं नाही.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी सुरगाण्याकडे तपासणी शिबिर घेतलं. औषधं घेऊन मी सोबत गेले. गावातलं आरोग्याचं काम बघणारी आशाताई बायकांना रांगेत बसवत होती. हातात यादी, खांद्याला पिशवी. तिने मान वर केली आणि मला पाहिलं. मंजुळा होती. या वेळी दोघींपैकी कोणी मान फिरवली नाही.

शिबिर आवरल्यावर ती म्हणाली, चल, दोन घरं राहिलीत, चालता चालता बोलू. तिची मुलगी नर्सिंगला आहे. आई अजून आहे. माझ्या आईची चौकशी केली. ती गेल्याचं सांगितल्यावर रस्त्यातच थांबली. भामरे सर सटाण्याकडे गावी असतात, दिवाळीला फोन करते, म्हणाली. मी सरांना एकदाही फोन केलेला नव्हता.

मग मी सांगितलं. वीस वर्षं घोळवलेलं सगळं एका दमात. की मला ऐकू आलं होतं. की तू मला वाचवलंस आणि मी तुला वाचवलं नाही.

तिने चालता चालता ऐकून घेतलं. मग जरा आश्चर्यानेच माझ्याकडे पाहिलं.

"तुला वाचवायला नव्हतं गं बोलले मी. तुला सांगायचं असतं तर लेड म्हटलं असतं, आन् हळू म्हटलं असतं. त्या सुया दिसल्या ना, मला राहवलंच नाय." थोडं पुढे जाऊन ती म्हणाली, "तू खोटं बोललीस ते मला माहीत हाय. तेव्हा लय लागलं होतं. आता नाय लागत असं नाय म्हणणार. पण त्या सुया मी अजून इसरले नाय."

इतकी वर्षं मी त्या गोष्टीच्या मधोमध स्वतःला उभं केलं होतं, आणि तिथे मी नव्हतेच. तिथे एक निवलेली नळी होती आणि ती बघून हरखलेली एक मुलगी. माझ्या तोंडून असं काही आपोआप कधीच निघालं नव्हतं.

घर आलं. तिथल्या म्हाताऱ्या बाईने झाकणीत चिमूटभर मीठ आणून ठेवलं. आशाताईंना घरोघरचं मीठ तपासायचं काम असतं, त्यात आयोडीन आहे की नाही ते बघायला. मंजुळाने पिशवीतून इवलीशी बाटली काढली, मीठ बोटाने सपाट केलं, उजेडाकडे सरकून बसली आणि एक थेंब सोडला. म्हातारी वाकली, मी वाकले. पांढऱ्या मिठावर जांभळा ठिपका उमटला आणि पसरत गेला.

"आलं बघ," मंजुळा म्हणाली, आणि म्हातारीकडे नाही, माझ्याकडे बघून हसली.

खालच्या रस्त्यावर जीप उभी होती. डॉक्टर हाका मारत होते, घाट उतरायचा होता. मी त्यांना हात करून थांबा म्हटलं. मंजुळाने बाटलीचं बूच लावून यादीत खूण केली आणि ती उरलेल्या एका घराकडे निघाली. मी तिची पिशवी उचलली आणि तिच्या मागोमाग गेले.